गेलॅक्सच्या मैदानावर मला जागा करून देणाऱ्या काकूंस

आदरणीय काकू,
सप्रेम नमस्कार.

कुणी आभार मानलेले तुम्हांला आवडत नाही, हे ठाऊक असूनही हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. नॉर्थ कॅरोलायनातली आपली कितीतरी मराठी कुटुंबे दर ऑक्टोबरला पानांचे रंग पाहायला ब्लू रिजच्या डोंगरांत जातात. पण त्याच डोंगरांत ऑगस्टमध्ये काय वाजत असते, याची फारशी कुणाला कल्पना नसते. मला ती आली ती केवळ तुमच्यामुळे.

व्हर्जिनियातल्या गेलॅक्स या लहानशा गावात १९३५ पासून भरत आलेले ‘ओल्ड फिडलर्स कन्व्हेन्शन’ हे लोकसंगीताचे संमेलन तिथल्या मूस लॉज या सामाजिक मंडळाची मंडळी भरवतात. फेल्ट्स पार्कच्या मंचावर फिडल (म्हणजे लोकसंगीतातले व्हायोलिन), बँजो, मँडोलिन, गिटार अशा स्पर्धा रात्री उशिरापर्यंत चालतात आणि शेवटी ओल्ड-टाइम (या डोंगरांतले जुने लोकसंगीत) व ब्लूग्रास (त्यातूनच पुढे निघालेली शैली) बँडची पाळी येते. एकामागून एक बँड येणार, एक धून वाजवून उतरणार, हा क्रम काही वेळाने कंटाळवाणा होतो, असे माझे प्रामाणिक मत आहे. तुम्ही मला तिथे फार वेळ बसू दिले नाही, हा तुमचा पहिला उपकार. मंचामागच्या तंबूंच्या गर्दीत, दोन गाड्यांच्या मध्ये ताणलेल्या ताडपत्रीखाली चाललेल्या ओल्ड-टाइमच्या बैठकीत तुम्ही मला नेऊन बसवले.

बसवण्यापूर्वी तिथले रिवाजही तुम्ही मला समजावून सांगितले, आणि ते सांगितले नसते तर मी बुजून बाहेरच उभी राहिले असते. धुनेचे दोन भाग असतात, प्रत्येक भाग दोनदा वाजतो आणि मग सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. ब्लूग्रासमध्ये एकेक वादक पुढे येऊन आपली करामत दाखवतो, तसे इथे कुणी करत नाही, तर आपल्या भजनात टाळकरी जसे एकाच लयीत मिसळून जातात तसे सगळे मिळून तीच धून वाजवत राहतात. एकदा धरलेली पट्टी तास-तास बदलत नाही, कारण ती बदलली की बँजोवाल्यांना तारा नव्याने लावाव्या लागतात. आणि धून संपवायची वेळ झाली की फिडलवाला खुर्चीत बसल्या बसल्या एक पाय पुढे उचलतो. तो चिखलाने भरलेला बूट हवेत गेलेला पाहून मी गोंधळले, तेव्हा तुम्ही गिटार न थांबवता नुसत्या भुवया उंचावून मला सावध केलेत.

माझे व्हायोलिन तुम्ही हातात घेतलेत तो क्षण मात्र मी विशेष जपला आहे. माझ्या तारा आपल्या पद्धतीने सा-प-सा-प अशा लावलेल्या होत्या. या डोंगरांतले जुने फिडलवाले ‘ए’ पट्टीतल्या कित्येक धुना ए-ई-ए-ई अशा तारा लावून वाजवतात, म्हणजे मांडणी तीच, फक्त षड्ज पांढरी सहाचा, हे तुम्ही तिथल्या तिथे दाखवून दिलेत. खाली मांडी घालून, वाद्य पावलावर टेकवून वाजवायला मी संकोचत होते. पण इकडचे जुने वादकही फिडल हनुवटीखाली न धरता छातीला टेकवत असत, असे शेजारच्या आजोबांनीच सांगितले आणि तो प्रश्न मिटला.

परतीच्या वाटेवर तुम्ही गाडीत जे सांगितलेत, त्याचे ऋण याहून मोठे आहे. बँजोचे मूळ गुलाम करून आणलेल्या आफ्रिकी लोकांच्या भोपळ्याच्या वाद्यांत आहे. कृष्णवर्णीयांचे फिडल-बँजोचे बँड या भागात पिढ्यान्‌पिढ्या वाजत होते, पण १९२० च्या दशकात तबकड्यांच्या कंपन्यांनी गोऱ्यांचे संगीत आणि काळ्यांचे संगीत अशा वेगळ्या याद्या केल्या, आणि त्यात हे बँड बहुतांशी ध्वनिमुद्रणाबाहेरच राहिले. आपल्या घरांपासून फार दूर नसलेल्या मेबेन गावचे फिडलवादक जो थॉम्पसन यांनी ही परंपरा २०१२ मध्ये निधन होईपर्यंत सांभाळली. त्यांच्याकडे बसून शिकलेल्या तरुणांनी २००५ मध्ये ‘कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स’ हा बँड उभा केला. हे ठाऊक नसते, तर तिथले सगळेच संगीत गोऱ्या शेतकऱ्यांचे समजून मी घरी आले असते, कारण ताडपत्रीखालचे बहुतेक चेहरे तसेच होते. तुम्ही हे कटुता न आणता, पण काहीही न लपवता सांगितलेत.

येत्या ऑगस्टला माझ्यासोबत आमच्या मंडळातले दोन तबलजी आणि एक पेटीवाले येणार म्हणतात. तबला तिथे वाजवायचा नाही, नुसते ऐकायचे, असे मी त्यांना बजावले आहे. पेटीवाल्यांना समजावण्याचे काम मात्र तुमच्यावर सोपवते. तंबू आणि ताडपत्री आम्ही आणू, पोह्यांचा डबाही आणू. जागा तेवढी तुमच्या शेजारची धरून ठेवावी.

आपली कृतज्ञ,
कॅरीची व्हायोलिनवाली