विम्याचा अर्ज भरणाऱ्या सभासदांसाठी

जीवन विम्याच्या अर्जात छंदाचा रकाना कोरा सोडू नये. नुसतं ‘डायव्हिंग’ लिहूनही भागत नाही. किती मीटर खोल जाता, वर्षातून किती वेळा, प्रमाणपत्र आहे का, गुहेत किंवा बुडालेल्या जहाजात शिरता का, यावर जोखीम ठरते. प्रशिक्षण घेऊन अधूनमधून उथळ पाण्यात उतरणाऱ्यांना बहुधा नेहमीचाच हप्ता लागतो. गिर्यारोहकांना उंची आणि बर्फाबद्दल विचारतात.

जोखीम जास्त वाटली तर विमा रकमेच्या दर हजारी जादा हप्ता, नाहीतर त्या छंदातला मृत्यू वगळणारी अट. अशी अट सहीआधी घरच्यांना जरूर दाखवा. दावा त्यांनाच करायचा असतो! एजंट ‘लिहू नका’ म्हणाला तरी लिहाच. माहिती लपवल्याचे आढळल्यास दावा नाकारला जाऊ शकतो.