मागच्या भिंतीलगतची फवारणी थांबवा, तिथे देशी झाडे लावू द्या

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापन समिती सदस्य,
सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित, घोडबंदर रोड, ठाणे (प.)

विषय : मागच्या भिंतीलगतच्या पट्ट्यात देशी झाडे लावण्यास परवानगी मिळणेबाबत

स.न.वि.वि.

गेल्या सोमवारी फवारणीवाले येऊन गेले. पंपरूममागच्या कढीपत्त्यावर त्या सकाळी अकरा सुरवंट होते. आकडा पक्का सांगते, कारण सुट्टी लागल्यापासून आमच्या विंगमधली चार मुले ते रोज मोजत होती. आधी पक्ष्याच्या शिटेसारखे दिसणारे ते जीव मोठे होता होता हिरवेगार झालेले त्यांनी पाहिले होते. संध्याकाळी सगळे मातीत पडलेले. मुलांना काय सांगावे ते मला सुचले नाही.

फुलझाडे लावली की फुलपाखरे येतात, असे आपण धरून चालतो. मध प्यायला येतात, खरे. पण अंडी घालायला मादीला ठराविक झाडाचे पानच लागते. कढीपत्ता आणि लिंबावर कॉमन मॉरमॉन, रुईवर बिबळ्या कडवा, बहाव्यावर पिवळसर एमिग्रंट. २०१५ साली महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेले नीलवंतही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढते. ईश्वरीचा वेल मिळाला तर कॉमन रोज येईल. त्या वेलाचे विष अंगात भिनल्याने पक्षी त्याला टाळतात, आणि मॉरमॉनच्या काही माद्या हुबेहूब त्याचेच रूप घेऊन स्वतःचा जीव वाचवतात. हे मुलांना आपल्याच आवारात बघता येईल! उलट दुरांटाच्या कुंपणाचे एकही पान मला सात वर्षांत कुरतडलेले दिसले नाही. येऊरचे जंगल आपल्या गच्चीवरून दिसते आणि ओवळ्याची फुलपाखरांची वाडी याच रस्त्यावर आहे. तेव्हा फुलपाखरे लांबून आणायची नाहीत, त्यांना उतरायला जागा तेवढी द्यायची आहे.

झाडी वाढली की डास वाढतील, ही काळजी मागच्या सभेत निघाली होती. डेंग्यूचा डास अंडी घालतो साठलेल्या पाण्यात. गच्चीवरची उघडी पिंपे, कुंड्यांखालच्या ताटल्या आणि एसीचे साचणारे पाणी आठवड्यातून एकदा कोरडे केले, तर पानांवरच्या फवारणीपेक्षा जास्त उपयोग होईल. ते काम दर रविवारी आम्ही पाच घरे करू. सापांच्या भीतीबद्दल म्हणाल, तर भिंतीलगत पडलेल्या फुटक्या लाद्या आधी उचलायला हव्यात, उंदीर तिथेच राहतात. रुईचा चीक डोळ्यांना वाईट, म्हणून ती खेळण्याच्या जागेपासून लांब, मीटररूमच्या कोपऱ्यात लावू.

रोपे आणि खत आमच्या खर्चाने. समितीकडे मागणे एवढेच, की या पट्ट्यात कोणतेही औषध मारू नये. कडुनिंबाचे तेलसुद्धा नको, सुरवंट त्यानेही मरतात. कुरतडलेल्या फांद्या छाटू नयेत, असेही माळीकाकांना समितीकडून सांगितले जावे. आमच्या सांगण्यावर ते तसे करू शकत नाहीत.

पहिल्या पावसात रोपे लावायची आहेत. काल त्याच कढीपत्त्याभोवती पुन्हा एक मादी घिरट्या घालत होती. पुढची फवारणी पंधरा तारखेला आहे, त्याआधी निर्णय कळवावा, ही विनंती.

आपली,
बी-विंगमधील एक सभासद