पिल्लू देताना त्याच्या खाण्याची चिठ्ठीही द्या

महोदय,

दिवाळीच्या सुट्टीत जावयांनी नातवासाठी लॅब्रॅडॉरचं पिल्लू आणलं. विकणाऱ्याने सांगितलं होतं, 'दोन महिन्यांचं आहे, दूध-बिस्किट घाला, काही त्रास नाही.' त्याप्रमाणे आम्ही दिवसातून चार वेळा गाईच्या दुधात ग्लुकोज बिस्किटं कुस्करून देत होतो. मोती ताटली चाटूनपुसून लख्ख करायचा. आम्हाला वाटलं, लेकरू रुळलं.

तिसऱ्या रात्री जुलाब सुरू झाले. पहाटे तो मोरीच्या उंबऱ्याशी पडून होता, हाक मारली तर नुसती शेपटी हलली. मी महापालिकेच्या रुग्णालयात ३१ वर्षं परिचारिका होते, त्यातली बरीच वर्षं मुलांच्या वॉर्डात. मोतीच्या मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती तशीच उभी राहिली आणि सावकाश खाली बसली. हिरड्यांना बोट लावलं, कोरड्या आणि चिकट. अंगातलं पाणी गेलेलं लेकरू मला वेगळं सांगावं लागत नाही. तशीच टॅक्सी केली.

डॉक्टरांनी आधी तोंड उघडून दात पाहिले. म्हणाले, "आजी, दोन महिने कुठले? जेमतेम सहा आठवड्यांचं आहे हे." पार्व्हो, म्हणजे पिल्लांच्या जिवावर बेतणारा जुलाबाचा विषाणूजन्य आजार, त्याची तपासणी सुदैवाने निगेटिव्ह आली. दोन दिवस सलाईन लावावं लागलं. वजन भरलं २ किलो ८०० ग्रॅम.

कुत्रीच्या दुधापेक्षा गाईच्या दुधात लॅक्टोज जास्त आणि प्रथिनं, स्निग्धांश बरेच कमी असतात. पिल्लाला ते लॅक्टोज पचत नाही आणि पोट सुटतं. बिस्किटात मैदा आणि साखर, म्हणजे पोट भरतं, पण हाडामांसाला काही मिळत नाही. हे डॉक्टर सांगत होते आणि मी मान खाली घालून ऐकत होते. तान्ह्या बाळाला वरचं दूध देऊ नका, असं किती आयांना मी कळवळून सांगितलं असेल! आमच्या परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे, शेजारीच बाई साकराबाईंचं जनावरांचं रुग्णालय. माझं आयुष्य त्या रस्त्याने जाण्यात गेलं, पण पिल्लू घरी आल्यावर आत जाऊन एक प्रश्न विचारावा, हे मला सुचलं नाही.

मोती घरी आल्यावर आधी दोन-तीन दिवस बिनमिठाचं उकडलेलं चिकन बोटांनी बारीक सोडवून मऊ भातात, थोडं थोडं. मग पिल्लांसाठीचं कोरडं खाद्य कोमट पाण्यात फुगवून, दिवसातून चार वेळा, ठरल्या वेळी. पहिलं खाणं कमी करत दुसरं वाढवायला आठवडाभर घेतला. चार महिन्यांनंतर तीन वेळा, सहा महिन्यांनंतर दोनदा, असं डॉक्टरांनी लिहून दिलंय. दर रविवारी मी त्याला घमेल्यात बसवून खालच्या वाण्याच्या काट्यावर तोलते. चार आठवड्यांत साडेपाच किलो झाला.

शेजारपाजारचे प्रेमानेच सल्ले देतात. एका ताईंनी कॅल्शियमचं सिरप आणून दिलं. मोठ्या जातीच्या पिल्लाला वरून जास्तीचं कॅल्शियम गेलं तर हाडं नीट वाढत नाहीत, ते मी परत केलं. मटणाचा रस्सा-भात घालणारी घरं तर कितीतरी! कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि रश्श्यातला तुकडा धुऊन दिला तरी कांद्याचा अंश त्यात उतरलेला असतोच. करंजीतले, चिवड्यातले बेदाणे मूत्रपिंडावर जातात. चॉकलेट तर विषच. आणि शिजवलेलं हाड कधीच देऊ नये, त्याच्या कपच्या होऊन आतडं फाटू शकतं. फराळाचं ताट आम्ही टीपॉयवर उघडं ठेवत होतो, हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला केंद्र सरकारच्या २०१७ च्या नियमांनी मनाई आहे. तरी ते विकलं जातं, आणि वय विचारलं तर खोटं सांगतात. माझं मागणं आहे की, पिल्लू विकणाऱ्याने किंवा दत्तक देणाऱ्यानेही एक चिठ्ठी हातात द्यावी : जन्मतारीख, जंताचं औषध कधी दिलं, लस कुठली झाली, आणि आजवर ते काय, किती आणि किती वेळा खात होतं. बाळाच्या लसीकरणाचं कार्ड असतं ना, तसं. पालिकेने परवाना देताना ही अट घालावी. आणि आपल्या वाचकांपैकी कुणी या आठवड्यात पिल्लू आणणार असेल, तर चिठ्ठी मागितल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका, परळ, मुंबई