गणपतीत एक रात्र या पोरांसाठी ठेवा

संपादक साहेब, नमस्कार,

गेल्या रविवारी चिपळूणहून रत्नागिरीला पॅसेंजरने येत होतो, तर आठ-नऊ वर्षांचा एक पोरगा अंगातला शर्ट काढून त्याच शर्टाने डब्यातली शेंगांची टरफलं झाडत होता आणि आम्ही सगळे नुसते पाय वर घेऊन बसलो, नाव पण कोणी विचारलं नाही, मी पण नाही. रात्रभर डोळा लागला नाही. मीरा नायर यांचा १९८८ चा 'सलाम बॉम्बे' आठवला, त्यात रस्त्यावरच्या खऱ्या मुलांनीच काम केलं होतं आणि त्यातूनच अशा मुलांसाठी काम करणारा सलाम बालक ट्रस्ट उभा राहिला, म्हणजे पिक्चर बघून नुसतं रडून घरी जायचं असं झालं नाही.

आपल्याकडे गणपतीत चाकरमानी आलेले असतात, वाडीवाडीत पडदा लागतो. कॉलेजच्या पोरांनी अशा मुलांवर मोबाईलवर दहा मिनिटांची फिल्म करून तिथे दाखवली तरी खूप झालं, फक्त अशा मुलांचे चेहरे-नावं दाखवू नका, बाल न्याय कायद्यात तशी बंदी आहे आणि ते बरोबरच आहे. शेवटी अडचणीतल्या मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा १०९८ नंबर मोठ्या अक्षरात टाका, फोन फुकट लागतो. पडदा आणि स्पीकर आमच्या वाडीचं मंडळ द्यायला तयार आहे.

आपला एक वाचक, रत्नागिरी