वारुळावरची अळिंबी आणि आपला रानपिंगळा

शहादा,
१२ ऑगस्ट

प्रिय दिलीप,

‘अजून त्या रानपिंगळ्याच्याच मागे आहेस का?’ असं विचारलंस. आहे रे, त्या छोट्या घुबडाच्याच मागे. पण या श्रावणात त्याच्याइतकीच अळिंबीही माझ्या डोक्यात घर करून बसली आहे.

परवा बांधावरच्या वारुळाशेजारी अळिंब्या उगवल्या. माय म्हणाली, ओढू नको, खण. वीतभर खणलं तरी दांडा संपेना. मुळासारखा निमुळता होत थेट वाळवीच्या घरात गेलेला. तिथे स्पंजासारखा पोकळ, पिवळसर गड्डा आणि त्यावर साबुदाण्याच्या कणीएवढे पांढरे दाणे. वाळवी पालापाचोळा, लाकूड खाऊन आपल्या विष्ठेचा हा गड्डा रचते, त्यावर बुरशी पोसते आणि ती खाते. शेतीच ही! अळिंबी म्हणजे त्याच बुरशीचं वर आलेलं फळ. ही अळिंबी आपल्याला लावता येत नाही, वाळवीच हवी. भाजी कळण्याच्या भाकरीबरोबर खाल्ली. तुला पाठवली असती, पण ती दुसऱ्या दिवसापर्यंतही टिकत नाही.

वर्षभर जमिनीखाली आणि दोन दिवस वर, अशी ती. रानपिंगळा मात्र लपतच नाही! दिवसाढवळ्या उघड्या फांदीवर बसतो, शेपटी झटकतो, सरडा दिसला की झेपावतो. पौषात तोरणमाळच्या वाटेवर मी त्याला बराच वेळ पाहिला. डोक्यावर साध्या पिंगळ्यासारखे ठळक ठिपके नाहीत, छाती गडद तपकिरी, पाय पांढऱ्या पिसांनी भरलेले.

आणि हाच पक्षी १८८४ नंतर ११३ वर्षं कुणाला सापडला नाही! माइनर्ट्‌झहागेन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने संग्रहालयातला जुना नमुना चोरून, तो १९१४ साली गुजरातेत मांडवीला मिळाल्याची खोटी चिठ्ठी लावली होती. त्या चिठ्ठीमुळे शोधणारे भलतीकडेच गेले. चोरी पकडल्यावर अमेरिकन पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि तिचे सोबती जुन्या खऱ्या ठिकाणांकडे वळले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये तो आपल्या शहाद्याजवळच दिसला. अळिंबी दिसत नाही ते समजतं, पण न लपणारा हा पिंगळा इतकी वर्षं सापडला नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

अळिंबी नाही उगवली तर माय म्हणते, पाऊस पडू दे. वारूळ शाबूत असेल तर ती येतेच. पिंगळ्याला घरट्यासाठी जुन्या झाडाची ढोली लागते. मी पाहिलेली एक ढोली आता तिथे नाही, झाडच तोडलं. तेव्हापासून त्या वळणावर थांबायचं जिवावर येतं.

दिवाळीनंतर ये. पहाटे निघू. दुर्बीण तुझीच आण, माझीत बुरशी शिरली आहे.

तुझा,
प्रभाकर