चेन सॉची चेन आणि बार : सोलापूरच्या अण्णांना आभारपत्र

आदरणीय अण्णा,

सादर नमस्कार.

आपल्या अक्कलकोट रोडवरच्या दुकानात येऊन आभाराचे दोन शब्द बोलायला लागलो की आपण "राहू द्या हो" म्हणत विषय बदलता, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. शिवाय आपण मला जे शिकवले, ते बांधावरच्या बाभळी आणि कडुलिंब कापणाऱ्या, चेन सॉ बाळगणाऱ्या आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या उपयोगाचे आहे.

वळवाच्या वादळात डाळिंबाच्या ओळींवर आडवा झालेला कडुलिंब तातडीने हलवायचा होता आणि नेमके तेव्हाच मशीन सरळ कापेना. बार, म्हणजे ज्याच्या कडेवरून चेन फिरते ती लांब पट्टी, सारखा उजवीकडे ओढला जाई, ढलप्यांऐवजी पिठासारखा भुसा पडे आणि कापातून धूर निघे. एका दुकानात मशीन दाखवले, तेव्हा इंजिन कमजोर झाले आहे, नवीनच घ्या, असा सल्ला मिळाला. आपण मात्र इंजिनाला हातही न लावता चेन उतरवली, दातांची लांबी मोजली आणि डाव्या बाजूचे दात उजव्या बाजूपेक्षा आखूड आणि बोथट असल्याचे मला माझ्याच डोळ्यांनी पाहायला लावले. मोठा खर्च वाचला, पण त्याहून मोलाचे म्हणजे दोष कुठे शोधायचा हे मला कळले.

सर्वांत आखूड दातावर आपण लाल खडूची खूण केली आणि बाकीचे सगळे दात त्याच्या लांबीला आणायचे, असे सांगितले. माझ्या चेनचे कड्यांमधल्या अंतराचे माप (पिच) ०.३२५ इंच असल्यामुळे ४.८ मिलिमीटरची गोल कानस लागते. ती दाताच्या वरच्या पात्याशी ३० अंशांचा कोन धरून, आतून बाहेर, फक्त पुढे ढकलतानाच चालवायची, मागे घेताना उचलायची, आणि तिच्या जाडीचा साधारण पाचवा भाग पात्याच्या वर राहील असे पाहायचे, हे सारे आपण माझ्या हातावर हात ठेवून करून घेतले. एका बाजूचे सगळे दात झाले की मशीन फिरवून दुसरी बाजू घ्यायची आणि प्रत्येक दाताला तितकेच हात द्यायचे, ही शिस्तही आपलीच.

दातापुढच्या उंचवट्याबद्दल आपण सांगितले ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण धार लावणारे पुष्कळजण त्याच्याकडे बघतच नाहीत. दात झिजून खाली येतो आणि तो उंचवटा तसाच राहिला, तर धार कितीही चांगली असली तरी दात लाकडात उतरत नाही. माझ्या चेनसाठी उंचवटा दाताच्या टोकापेक्षा ०.६५ मिलिमीटर खाली ठेवायचा आणि तोही गेज, म्हणजे मापाची पट्टी, लावून, सपाट कानशीने. अंदाजाने जास्त घासला तर दात लाकडात अडकतो आणि मशीन अंगावर उसळते, हे सांगताना आपला आवाज कडक झाला होता. त्या कडकपणाबद्दलही मी आपला ऋणी आहे.

बारची गोष्ट तर मला कोणीच सांगितली नव्हती. खाचेत बसलेला डिंक आणि भुसा आपण पातळ पत्र्याने खरवडून काढला, तेव्हा तेलाचे छिद्र पूर्ण बुजलेले दिसले. चेन कोरडी फिरत होती, धुरात याचाही वाटा होता. कडांना बाहेर आलेली धातूची कोर आपण सपाट कानशीने काढली आणि बार उलटा करून बसवला. बहुतेक कापणी खालच्या कडेने होत असल्याने तीच बाजू आधी झिजते, म्हणून दर वेळी धार लावताना बार उलटायचा. जळके ऑइल घालण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. त्यात धातूचे कण असतात आणि ते चेनला चिकटून राहत नाही, हे आपण सांगितल्यापासून मी चेनचेच ऑइल वापरतो आणि काम सुरू करण्यापूर्वी बारचे टोक पांढऱ्या पुठ्ठ्यासमोर धरून तेलाची रेघ उमटते का, ते पाहतो.

चेनचा ताण इंजिन बंद आणि चेन थंड असताना, हातमोजे घालून तपासतो. बारच्या खालच्या बाजूला ती लोंबता कामा नये आणि हाताने ओढली तर सहज फिरली पाहिजे. कापताना चेन तापून लांबते, मग आपण ताण वाढवतो. काम संपल्यावर तशीच ठेवली तर थंड होऊन आवळते आणि बारवर व इंजिनाच्या दांड्यावर जोर येतो, म्हणून निघण्यापूर्वी ती सैल करण्याची सवय आता माझ्याबरोबर काम करणाऱ्या मुलांनाही लागली आहे.

एवढे सगळे दुपारभर शिकवून आपण फक्त कानशीचे पैसे घेतलेत. दोन चेन झिजल्या की स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारे दातेरी चाकही बदलायचे, असे आपण बजावले होते. सध्याची चेन दुसरीच आहे आणि तिचे दात झिजून ४ मिलिमीटर लांबीच्या जवळ आले आहेत, तेव्हा नवी चेन आणि स्प्रॉकेट आपल्याकडूनच बसवून घेईन. त्या वेळी मजुरी मात्र पूर्ण घ्यावी, ही नम्र विनंती.

आपला कृतज्ञ,
मोहोळ तालुक्यातील एक डाळिंब बागायतदार