फुल बाह्यांचा कुडता

मिलवॉकी
सोमवार, 30 जून

ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.

आई, बुधवारी व्हिडिओ कॉलवर तू विचारलंस, "जूनमध्ये फुल बाह्यांचा कुडता कशाला गं?" मी म्हटलं, ऑफिसात एसी फार असतो. थाप होती ती. आदल्या संध्याकाळी मी इथल्या बे व्ह्यू भागातल्या सायकल शर्यतीत पडले होते. डावं कोपर आणि मांडीची बाजू सोलवटून निघाली. हाड मोडलेलं नाही, डोक्याला लागलेलं नाही, टाका पडलेला नाही. एवढं दोनदा वाच आणि मग पुढे जा.

फोनवर बाबांना ऐकू जाईल अशा आवाजात हे सांगायचं म्हणजे साधं खरचटलेलंही भयंकर वाटलं असतं. म्हणून पत्र.

बाबा, शर्यत म्हटली की तुमच्या डोळ्यांपुढे मुंबई-पुणे आणि घाट येतो. ही तशी नाही. 'टूर ऑफ अमेरिकाज डेअरीलँड' असं लांबलचक नाव आहे आणि 2009 साली ती सुरू झाली. सलग 11 दिवस, कधी आमच्या विस्कॉन्सिन राज्यातलं एखादं गाव, कधी मिलवॉकीचाच एखादा भाग. तिथले चार रस्ते बंद करून किलोमीटर-दीड किलोमीटरचं रिंगण करतात आणि त्यातच गरागरा फिरायचं. बायकांच्या शर्यती वेगळ्या, त्यातही नवशिक्यांपासून पगारी खेळाडूंपर्यंत पायऱ्या. मी खालच्या पायऱ्यांवर, कॉलेजच्या पोरींच्या घोळक्यात एकटी एकोणचाळीस वर्षांची. फ्रान्सच्या मोठ्या शर्यतीत, म्हणजे टूर द फ्रान्समध्ये, रोजच्या वेळेची बेरीज होते. इथे रोजची शर्यत त्या दिवशीच संपते, पण नंबराप्रमाणे गुण मिळतात आणि बेरीज त्या गुणांची. एक दिवस घरी बसलं की त्या दिवसाचा भोपळा.

डेअरीलँड म्हणजे दुधाचा मुलूख. इथल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवरसुद्धा ते छापलेलं असतं. लोक टाळ्या कमी वाजवतात, गाईच्या गळ्यातल्या घंटा जास्त. पहिल्या दिवशी तो आवाज ऐकून मला आपल्याकडचा बेंदूर आठवला, आणि आपण सजवून काढलेल्या बैलांपैकी एक आहोत असंही वाटलं. पाठीवर नंबर होताच.

आता पडल्याचं. चार शिंतोडे पडले होते. तिसऱ्या वळणावर गटाराचं लोखंडी झाकण होतं, ते मी अकरा-बारा फेऱ्या बरोबर चुकवलं. मग पुढची जरा आत आली, मी घाबरून वळणातच ब्रेक दाबला आणि मागचं चाक सरकलं. बाबा, आयर्विन पुलाच्या उतारावर तुम्ही मला डबलसीट नेताना सांगायचात, ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही. इथली कोच तेच शिकवते, पैसे घेऊन. ठाऊक असूनही केलं. आणि मागच्या एका मुलीलाही घेऊन पडले, हे कोपरापेक्षा जास्त लागलं. तिला फारसं काही झालं नाही. मी सॉरी म्हणत राहिले आणि ती माझी पडलेली चेन बसवत राहिली.

पडलं किंवा पंक्चर झालं तर एक फेरी माफ असते. रस्त्याच्या कडेला मेकॅनिक चाकं घेऊन उभे असतात. त्यांनी माझं वाकडं हँडल दोन गुडघ्यांत चाक धरून सरळ केलं, अगदी आपल्या कोपऱ्यावरच्या सायकलवाल्यासारखं, आणि घोळका फिरून आल्यावर पाठीला हात लावून मला त्यात ढकललं. शेवटून दुसरी आले. खरं रडू घरी आलं, साबण लावून जखमेतली खडी धुताना. रात्री चादर चिकटली.

या दिवसांत दोन मुली माझ्याकडे उतरल्या होत्या. बाहेरगावच्या खेळाडूंना असं घरी ठेवून घ्यायची इथे पद्धत आहे. सकाळी शर्यतीआधी मी तिघींना मऊ भात, तूप आणि तुझं मेतकूट वाढायचे. पहिल्या दिवशी त्यांनी वास घेऊन एकमेकींकडे पाहिलं. पाचव्या दिवशी एकीने विचारलं, ती पिवळी पूड संपत तर नाही ना आली? संपली आहे, आई. दिवाळीपर्यंत थांबू नकोस.

बुधवारी उभीच राहू नये असं वाटत होतं. कुडता घालून तुझ्याशी थाप मारली ती त्याच सकाळी, आणि फोन ठेवल्यावर स्वतःचीच चीड आली. संध्याकाळी गेले. पहिल्या वळणाला पोटात गोळा, दुसऱ्याला गोळा, मग मोजायचं राहून गेलं. घोळक्याच्या मध्ये बसलं की वारा पुढच्या कापतात, आपल्याला बरंच कमी जोर लावावा लागतो. तशी लपून पूर्ण केली. गुण शून्य.

शनिवारी डाउनर अव्हेन्यूला मात्र गंमत झाली. मध्येच घंटा वाजली की पुढच्या फेरीत रेषा पहिली ओलांडणारीला छोटं बक्षीस असतं, त्याला 'प्रीम' म्हणतात. सगळ्या शेवटच्या फेरीसाठी जोर राखून होत्या, मी सुटले आणि मिळालं. वीस डॉलर आणि चीजच्या ताज्या तुकड्यांची पिशवी, दाताखाली कुईकुई वाजतात ते. त्यानंतर दम संपला आणि सतरावी आले, पण वीस डॉलर ते वीस डॉलर. बाबा, तुम्ही प्रत्येक वेळी विचारता ना, बक्षीस किती? 1984 मध्ये फ्रान्समध्ये पुरुषांच्या टूरबरोबर बायकांची पहिली टूर झाली. ती मॅरिअन मार्टिन या अमेरिकन बाईने जिंकली आणि तिला मिळाले हजारेक डॉलर. त्या हिशेबात माझं एका फेरीचं काही वाईट नाही.

आई, तू भाड्याच्या सायकलवर शिकताना पडलीस आणि आजोबांनी दुसऱ्या दिवसापासून सायकल बंद केली, लग्नाच्या मुलीचा हात मोडला तर काय म्हणून. हे तू हसत सांगतेस. पण मी पडले हे कळल्यावर "बास झालं आता" म्हणणार असशील, तर आधी ते आठव.

आणि आता तुम्हा दोघांचं. बाबा, एप्रिलमध्ये तुम्ही बाथरूममध्ये घसरलात, हे मला शेजारच्या काकूंकडून मे महिन्यात कळलं. तुम्ही तीन आठवडे खुर्चीत बसूनच व्हिडिओ कॉल करत होतात, मी म्हटलंसुद्धा, आज फार ऐटीत बसलाय. म्हणजे फुल बाह्यांचा कुडता आपल्या घरात फक्त माझ्याकडेच आहे असं नाही.

तर मी माझं सगळं लिहिलं. आता तुमची पाळी. गुडघ्याला काय म्हणाले डॉक्टर, गोळ्या कुठल्या, आणि भिंतीला धरायला दांडा बसवला का? बसवला असेल तर फोटो पाठवा, नुसतं "हो" नको. प्लंबर येत नसेल तर नंबर द्या, मी इथून फोन करून त्याच्या मागे लागते. मी कोपराचा फोटो पाठवते. खपली धरली आहे, दिसायला वाईट आहे, जेवताना उघडू नका.

तुमची,
छकुली